दोन सिलिंडरांचा हिवाळा

भिलाईत थंडी आली हे मला आधी भाजीच्या टोपल्यांवरून कळतं. सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरसमोरून आसपासच्या खेड्यांतल्या बायका लाखोळीची कोवळी भाजी घेऊन जायला लागतात. "तिवरा भाजी ले ले दीदी" अशी हाक येते आणि माझी बायको सुनंदा फाटकाशी जाऊन त्यांच्याशी छत्तीसगढीत घासाघीस करत उभी राहते. त्याच सुमारास सकाळी मोटरसायकलवरचं कव्हर हाताला ओलं लागतं. मी ते झटकून काढतो, बटण दाबतो. गारठलेलं इंजिन एकदा कुरकुरतं, मग दोन्ही सायलेन्सरांतून पांढरी वाफ सोडत चालू होतं.

परवाही हे असंच झालं. सुनंदा पदरात भाजी घेऊन फाटकाकडून परत येत होती. गाडीजवळून जाताना ती क्षणभर थांबली, मान जराशी डावीकडे कलती केली, आणि आत गेली. एवढंच. पण तेवढ्यानं माझं जुनं दुखणं जागं झालं.

त्या कलत्या मानेचा मला हेवा वाटतो. बायकोच्या माहेराचा, तिच्या पगाराचा, तिच्या मैत्रिणींचा हेवा करणारे नवरे मी पाहिलेत. मी माझ्या बायकोच्या कानांचा हेवा करतो. हे दुखणं सुरू झालं ते दोन हिवाळ्यांपूर्वी, ही गाडी घरी आली तेव्हा.

खरं तर गाडीची हौस त्याहून फार जुनी. मी इथल्याच कॅम्प-१ या कामगार वस्तीत वाढलो. वडील भंडाऱ्याकडून कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या गल्लीत सायकली होत्या, हातगाड्या होत्या, एखादी स्कूटर होती. पण मोठ्या रस्त्यावरून कधी कधी एक तरुण इंजिनिअर दोन सिलिंडरची मोटरसायकल घेऊन जायचा. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, ओळख फक्त आवाजाची. गाडी दिसायच्या आधी आवाज यायचा, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ तो रस्त्यावर रेंगाळायचा. इतर गाड्या एकेक ठोका देत चालायच्या. हिचे ठोके एकमेकांना खेटून यायचे आणि वर वर चढत त्यांची एकच लांब शीळ व्हायची. आम्ही पोरं खेळ थांबवून उभी राहायचो. त्या माणसाच्या बुटांचाही मला हेवा वाटायचा, कारण ते बूट त्या आवाजाच्या इतके जवळ होते. रात्री अंथरुणात मी तोंडानं तो आवाज काढत पडायचो, आणि आई अंधारातून विचारायची, "कावून घुरघुर करून राहिला रे? पोट दुखते काय?"

पुढे मी इथल्या पोलाद कारखान्यातल्या रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या मिलमध्ये लागलो. तिथं तापून लाल झालेले रूळ कापणारी करवत होती. ती रुळाला लागली की जो आवाज निघायचा त्याला मराठीत शब्द नाही, हिंदीतही नाही. कानात घालायचे बोळे मिळायचे, आम्ही घालायचोही. पण बाजूचा काही सांगायला लागला की एका कानातला काढायचो, आणि तो काढलेला बराच वेळ बोटातच राहायचा. त्या गदारोळातही आम्ही गप्पा मारायचो. ओठ पाहून, हातवारे करून, भुवया उडवून. नवीन आलेल्या पोरांना याचं नवल वाटायचं आणि आम्हाला त्याची ऐट होती.

दरम्यान साध्या एका सिलिंडरच्या गाडीवर संसार झाला. मुलगा निखिल शिकला, पुण्याला नोकरीला गेला. घरात आम्ही दोघंच उरलो. आणि एका हिवाळ्याच्या तोंडाशी कळलं की दुर्गचा एक तरुण परदेशी चाललाय आणि त्याची दोन सिलिंडरची मोटरसायकल तो विकतोय. मी पाहायला म्हणून गेलो आणि घेऊनच आलो.

सुनंदा पायरीवर उभी होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"एवढी जड? पडली त कोण उचलन हिले?"

"पडत नाही ते. बस, सुपेल्याले जाऊन येऊ."

ती पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. सेक्टरचे रुंद, झाडांचे रस्ते, दुतर्फा क्वार्टरांच्या कुंपणांतून येणारा शेकोट्यांचा धूर, आणि मांड्यांमधून पोटात चढणारा तो जाड, भरीव, एकसंध आवाज. लहानपणच्या त्या गाडीसारखी शीळ यात नव्हती, ही नव्या जातीची गाडी होती. पण दोन ठोके एकमेकांना धरून चालतायत हे अंगाला कळत होतं. मला वाटलं, झालं, आता आणखी काही नको. त्या इंजिनिअरच्या जागी मी होतो आणि रस्त्याच्या कडेला कुणी पोरगा थांबून पाहतोय का, हेही मी नजरेच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं.

सुपेल्याच्या चौकात गर्दीनं अडकलो. हातगाड्या, ई-रिक्षा, हॉर्न. सुनंदा मागून पुढे झुकली आणि माझ्या हेल्मेटवर टकटक केली.

"अजी, हे टिकटिक कायची येऊन राहिली?"

"कोठची टिकटिक?"

"हे काय. शिलाई मशीन चालल्यावानी."

"काही येत नाही."

"येते ना जी. आता बी येऊन राहिली."

मला राग आला. नवी हौस, पहिली संध्याकाळ, आणि हिनं खोट काढली. घरी आल्यावर ती आत गेल्याचं पाहून मी गाडीपाशी उकिडवा बसलो. इंजिन चालू ठेवून कान इतका जवळ नेला की गालाला आच लागायला लागली. जाड आवाज होता, पंपासारखा, दमदार. टिकटिक नव्हती. मी समाधानानं उठलो.

त्या रविवारी निखिलचा व्हिडिओ कॉल आला. त्याला गाडी दाखवायची म्हणून सुनंदानं फोन इंजिनजवळ धरला. तो पाच-दहा सेकंद ऐकत राहिला आणि म्हणाला, "पप्पा, टॅपेट का आवाज है ये. क्लिअर येऊन राहिला. तुमाले नाही येत?" टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग; त्यांची फट वाढली की ते टिकटिकतात.

"येते ना," मी म्हणालो.

येत नव्हता. पुण्यात बसलेल्या पोराला एवढ्याशा फोनमधून जे ऐकू आलं, ते त्या गाडीवर बसून मला येत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात काहीबाही पुसत बसलो. पोराच्या हुशारीचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटली ती जळजळ.

मग आम्ही सुपेल्याच्या मेकॅनिक रफीकभाईंकडे गेलो. माझी जुनी गाडीही तेच पाहायचे. त्यांनी इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "हाँ, है तो. ठंडे में ज़्यादा आता है कि गरम होने पर?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सुबह ज्यादा आता है. चलते-चलते थोड़ा दबता है. फिर ओवरब्रिज चढ़ते टाइम वापस."

रफीकभाईंनी मान डोलावली. "भाभी, दो-चार दिन और सुनके बताओ. फिर खोलेंगे."

भाभी बताओ. गाडी माझी, हौस माझी, चावी माझ्या बोटात, आणि सांगायचं भाभींनी. त्या दिवसापासून गाडीबद्दलचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून त्या दोघांमध्ये जायला लागलं. मी दवाखान्यात वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा शेजारी उभा असायचो.

सुनंदाला मात्र यात गोडी वाटायला लागली. आधी कामाशिवाय ती कधी गाडीवर बसायची नाही. आता संध्याकाळी स्वतःच शाल गुंडाळून, हेल्मेट घालून फाटकात उभी. "चला ना, एक चक्कर मारू." आम्ही सेक्टरमधून निघायचो, मोठ्या रस्त्याला लागायचो, वळसा घालून परत यायचो. मी पुढे तोंड करून चालवायचो आणि ती मागे बसून ऐकायची. परत आल्यावर चहा पिताना सांगायची, "आज दोन आवाज होते. एक डाव्या बाजूचा, एक त्याच्यापेक्षा बारीक."

बारीक. त्या हिवाळ्यात हा शब्द माझ्या कपाळात बसला.

रफीकभाईंनी एकदा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला कशी लावायची ते तिला दाखवलं. ती डोळे मिटून वाकली. केसांत चांदी आलेली माझी बायको, शालीचं टोक कमरेला खोचलेलं, गॅरेजच्या तेलकट फरशीवर, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"काय येऊन राहिलं?" मी विचारलं.

"आत लहान लहान चमचे वाजून राहिले."

मी तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. मूठ कानाला लावली. जबड्याच्या हाडात एक घरघर आली, दुसरं काही नाही. "हो, येते," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तिला कळलं होतं. ते कळणं मला त्या टिकटिकीपेक्षा जास्त टोचलं.

हेवा ही विचित्र गोष्ट आहे. आपल्याकडे नसलेल्या वस्तूचा हेवा सगळेच करतात, त्यात काही विशेष नाही. पण एके काळी आपल्याकडे होतं, कधी गेलं ते कळलं नाही, आणि ते दुसऱ्याकडे इतकं सहज आहे की त्याला त्याची जाणीवही नाही, हे पाहण्यात जी आग आहे ती निराळी. शेजारच्यांचा कुत्रा गाडी चालू केली की कान ताठ करायचा. मला त्या कुत्र्याचाही हेवा वाटला. मी एकटाच गाडी काढून सेक्टरच्या रस्त्यांवर हळूहळू फिरायचो, हेल्मेटची काच वर करून, मान एकीकडे कलती करून, अगदी तिच्यासारखी. काही उपयोग नव्हता. उलट दुसऱ्याच गोष्टी लक्षात यायला लागल्या. वाळलेली पानं चाकाखाली येत होती, पण चुरचुरत नव्हती. झाडावर पाखरांचा थवा उतरलेला दिसायचा, चोची उघडझाप करायच्या. घरी सुनंदा म्हणायची कुकर झाला, आणि माझ्या लक्षात यायचं की शिटी ऐकून गॅस बंद करायला मी कैक वर्षांत उठलो नव्हतो.

एका सुटीच्या सकाळी मी गाडी काढत होतो. ती पायरीवर येऊन म्हणाली, "आज जास्तच वाजून राहिली. आजच्या दिवस नका नेऊ."

एवढंच म्हणाली, पण माझा तोल गेला.

"तुले काय समजते गाडीतलं? जिंदगी गेली माही मशीनीत!"

"म्हणूनच आयकू येत नाही तुमाले," ती म्हणाली.

तिनं ते हळू म्हटलं होतं. इतकं हळू की मला ते ऐकू आलंच नव्हतं, मी ते तिच्या ओठांवर वाचलं होतं. आणि तेव्हा मला उमगलं की मी रोजच वाचत होतो. मिलमध्ये नव्हे, घरात. स्वयंपाकघरात, बाजारात, झोपायच्या आधी. ती पाठमोरी असली की मी गप्प असायचो, आणि तिला वाटत असेल की मी घुमा आहे.

गाडी तशीच ठेवून मी आत गेलो. पुढच्या आठवड्यात आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

तिथं एका काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले आवाज आले, जाड, घुमणारे. मी पटापट दाबलं. मग ते बारीक होत गेले. मग बंद झाले. मला वाटलं तपासणी झाली. मी हेडफोन काढायला हात वर केला, तेवढ्यात काचेतून मला बाहेर बसलेल्या माणसाचा हात दिसला. त्याचं बोट अजून मशीनवर चालत होतं. तो एकामागून एक आवाज पाठवत होता आणि माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मी हात खाली घेतला आणि बटण धरून तसाच बसून राहिलो.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. ती काही अंतर सरळ चालत होती आणि मग घसरून खाली जात होती. "मोटी आवाज़ अभी अच्छी है," ते म्हणाले, "बारीक वाली चली गई. उमर भी है, शोर भी है. दोनों." शब्दांचे काठ त्या बारीक आवाजांचेच असतात, असंही ते म्हणाले. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. बायकांचं आणि मुलांचं तर जास्तच.

म्हणजे गाडीचा खालचा अर्धा आवाज मला पूर्ण येत होता. वरचा अर्धा माझ्यासाठी त्या गाडीत नव्हताच. मी ज्या आवाजासाठी इतकी वर्षं झुरलो, तो घरी आणला तेव्हा घ्यायला माझ्याकडे अर्धीच ओंजळ उरली होती.

परत येताना आम्ही रस्त्याकडेला चहाला थांबलो. मी तिला विचारलं, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"निखिल शाळेत होता तेव्हापासून."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं ना जी," ती म्हणाली. "तुमाले आयकू नाही आलं."

तिला स्वतःलाच हसू आलं, मग मलाही आलं. चहावाला आमच्याकडे पाहत राहिला. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि कप खाली ठेवला.

त्यानंतर एका थंडगार सकाळी रफीकभाईंनी इंजिन उघडून टॅपेटची फट जुळवली. इंजिन गार असतानाच ते काम करायचं असतं, म्हणून आम्ही उजाडताच गेलो होतो. काम झालं, झाकण लागलं, त्यांनी बटण दाबलं. सुनंदानं मान कलती केली. रफीकभाईंनी पान्याची मूठ हातात तशीच धरून श्वास रोखला. मग दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पाहून हसले.

"गेली!" सुनंदानं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "अजी, गेली ना! एकदम मुलायम झाली."

मी हसलो, मान डोलावली. माझ्यासाठी गाडी काल वाजत होती तशीच आज वाजत होती. टिकटिक कधी आलीच नव्हती, तर जाणार कुठून? ते दोघं उभे राहून एक शांतता ऐकत होते आणि मला तिच्यातही जागा नव्हती. आवाजाचा हेवा समजू शकतो. मला त्या सकाळी शांततेचा हेवा वाटला, आणि इतका वाटला की हेल्मेट घालून मी काच खाली ओढून घेतली.

पुढे कानातली मशिनं आली. दोन्ही कानांना. पहिल्या दिवशी घर अंगावर आलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाटल्यासारखं वाटलं. फ्रिज बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. कपात चमचा फिरत होता, तिच्या बांगड्या ओट्याला लागत होत्या, चपला फरशीवर घासत होत्या, आणि या सगळ्यात ती कशी काय शांत राहते याचं मला नवल वाटलं. मी थेट अंगणात गेलो आणि गाडी चालू केली. जाड ठोक्यांवर, अगदी वर, काहीतरी नाजूक चालू होतं. चिवट, बारीक, एका लयीत.

"सुनंदा! आली! टिकटिक आली!"

ती हात पुसत धावत आली, ऐकलं, आणि मान हलवली. "हे नाही जी. हे त नॉर्मल हाय. एवढं राहतेच. दोन सिलिंडर हायत ना."

अशा सुरात म्हणाली जणू ही गाडी तिनंच जन्माला घातलीय. मला ऐकू आलं त्याचा आनंद होता, पण काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं हे अजूनही तिच्याच हातात होतं. शिवाय गाडी चालवताना मशिनं निरुपयोगीच. हेल्मेटमध्ये ती शिट्ट्या मारायची आणि वारा शिरला की कानात वादळ व्हायचं. म्हणून निघताना मी ती डबीत ठेवायचो आणि थांबलो की पुन्हा लावायचो, अशी सवय झाली.

हिवाळा उतरणीला लागला तेव्हा आम्ही डोंगरगडला निघालो. तिथल्या टेकडीवर मोठी बुद्धमूर्ती आहे आणि सुनंदाला फार दिवसांपासून जायचं होतं. सकाळ छान होती. कापणी होऊन रिकामी झालेली धानाची शेतं, मधूनच एखादं तळं, रस्त्याकडेला मोहाची झाडं. राजनांदगाव मागं पडलं. पुढे एका रेल्वे फाटकाशी आमच्या तोंडावरच दांडा खाली आला.

मी इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि सवयीनं मशिनं कानात घातली. सुनंदा मागे तशीच बसून होती, हेल्मेट घालून, रुळांकडे पाहत. आगगाडी यायला वेळ होता. आसपासचे लोक उतरून बिड्या ओढत होते. आणि मला गाणं ऐकू आलं.

आधी वाटलं कुणाचा मोबाइल असेल. मग कळलं की ते माझ्या पाठीमागून येतंय, अगदी जवळून. हेल्मेटच्या आतून येत असल्यामुळे शब्द लागत नव्हते, नुसती चाल येत होती. संथ, वर जाऊन थोडी थरथरणारी आणि पुन्हा जागेवर येणारी. आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही, त्यातलं मला कळत नाही. पण तो कुणाची पर्वा नसलेला आवाज होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आणि मी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

मी वळलो नाही. श्वासही जपून घेत होतो. मालगाडी आली, धाडधाड करत गेली, आणि ती गेल्यावर गाणं तसंच चालू होतं, मध्ये कधी थांबलंच नसल्यासारखं.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "तू गाऊन राहिली काय?"

ती गचकन थांबली. काच वर केली. "मशीन लावलं तुमी?"

"हो."

"अगं बाई." तिचा चेहरा लाल झाला.

"कधीपासून गाऊन राहिली?"

"गाडी आली तेव्हापासून. मागं बसली का सुरू होते आपोआप. एवढ्या आवाजात कोणाले आयकू येते?"

"मले वाटलं तू टॅपेट आयकत होती."

"ते बी आयकत होती. गाता गाता."

"घरी कावून नाही गात?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न विचारणाराच वेडा असावा. "घरी कधी गाऊ जी? तुमची नाइट ड्युटी असली का दिवसभर तुमी झोपून. सकाळची असली का दुपारी झोपून. निखिल लहान होता त त्याचं तोंड दाबून बाहेर नेत होती मी, तुमची झोप मोडू नाही म्हणून. भांडं बी हळू ठेवत होती. त्याच्यात मीच गाऊ?"

तिच्या सुरात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं. पण मला ती सगळी वर्षं एकदम दिसली. मी कानांत करवत घेऊन घरी यायचो आणि माझ्यासाठी एक बाई अख्खं घर मिटून ठेवायची. त्या मिटलेल्या घरात ती गाणंही ठेवून द्यायची. मग घरात एक इंजिन आलं, इतकं मोठ्यानं वाजणारं की त्याच्या आडोशाला बसून गाता येईल. तिनं ते ओळखलं. संध्याकाळी शाल गुंडाळून ती फाटकात का उभी राहायची ते मला त्या फाटकावर कळलं.

आणि मला हेवा वाटला, या वेळी तिच्या कानांचा नाही. त्या यंत्राचा. अख्खा हिवाळा तिनं त्याच्यापाशी गाणं म्हटलं होतं. मी तिच्या इतका जवळ बसलो होतो की तिचे गुडघे माझ्या कमरेला लागत होते, तरी त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

दांडा वर गेला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"म्हण ना पुढचं," मी म्हणालो.

"नाही जी आता. तुमी आयकान."

"मग काय झालं?"

"नाही म्हणता येत," ती म्हणाली आणि नजर रुळांकडे वळवली. "कोणी आयकून राहिलं का नाही म्हणता येत."

मला ते ऐकायचं होतं. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं, टिकटिकसुद्धा नाही. मागचा ट्रकवाला आता ओरडायला लागला होता.

मी एका कानातलं मशीन काढलं, मग दुसरं. तिच्यासमोर धरून दाखवलं, डबीत घातलं, डबी आतल्या खिशात टाकून जॅकेटची चेन वर ओढली. हेल्मेट चढवलं. तिचे ओठ काहीतरी बोलले, ते मात्र मी मुद्दाम वाचले नाहीत. बटण दाबलं आणि रूळ ओलांडले.

पुढचा रस्ता मोकळा होता. मी गाडी हवी त्यापेक्षा थोडी जोरात ठेवली, इंजिन भरून वाजावं म्हणून. बऱ्याच वेळानं तिचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं. तिथं खांद्यांच्या मध्ये काहीतरी थरथरत होतं. ते ठोके होते की ती होती, ते मला सांगता येणार नाही.

टेकडी लांबून दिसायला लागली. डोंगरगड येईपर्यंत ती गात होती का, आणि कोणतं गाणं गात होती, हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ते गाडीला ठाऊक आहे.